अँटीव्हायरस काढला, पण अवशेष राहिले: विंडोजमधल्या एरर मुळापासून कशा घालवाव्यात

गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिका बाईंनी त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला. मुलांची निकालपत्रकं त्यात अडकली होती. पासवर्डचा चौकोन दिसत होता, कर्सर लुकलुकत होता, पण एकही अक्षर उमटत नव्हतं. बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावला, तोही मुका. एका दुकानात त्यांना कीबोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं होतं. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एफ २ दाबलं. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा संगणकाचा सेटिंग्जचा पडदा, उघडला आणि तिथे बाणाच्या कळा व्यवस्थित चालल्या. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता, घोळ विंडोजमध्ये होता.

"बाई, अलीकडे यातलं काही काढलंत का?"

"हो दादा, अँटीव्हायरसची मुदत संपली होती. भाच्याने काढून टाकला. फोल्डर डिलीट होईना, म्हणून तो त्या सेफ मोडमध्ये जाऊन काढला." (सेफ मोड म्हणजे मोजक्याच गोष्टी घेऊन सुरू होणारं विंडोज.)

कारण तिथेच सापडलं. असे लॅपटॉप माझ्याकडे वरचेवर येतात. प्रत्येक वेळी लक्षणं वेगळी असतात, पण चूक एकच: फाइली आधी उडवल्या आणि विंडोजमधल्या त्यांच्या नोंदी तशाच राहिल्या. या लेखातली सगळी दुरुस्ती एकाच क्रमावर उभी आहे. आधी नोंद काढायची, मग फाइल.

अँटीव्हायरस एका फोल्डरात राहत नाही

साधा प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समधल्या आपल्या फोल्डरात राहतो. अँटीव्हायरसचं तसं नसतं. तुम्ही कुठलीही फाइल उघडलीत की ती तुमच्यापर्यंत येण्याआधी त्याला तपासायची असते, म्हणून तो विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, आपले ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी थेट जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बसवतो. त्यांच्या फाइली सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात असतात आणि नावाच्या शेवटी डॉट सिस असतं. शिवाय इंटरनेटच्या वाटेवर एक फिल्टर, काही सर्व्हिसेस, टास्क शेड्युलरमधली कामं, प्रोग्रॅमडेटा या लपलेल्या फोल्डरातला साठा, ब्राउझरची रहदारी तपासण्यासाठी बसवलेलं स्वतःचं सर्टिफिकेट आणि विंडोज सिक्युरिटीकडे "या संगणकाची राखण मी करतोय" अशी नोंद. ऑनलाइन बँकिंगचं संरक्षण देणारे काही अँटीव्हायरस तर कीबोर्डच्या वाटेतही आपला पहारेकरी, म्हणजे फिल्टर, बसवतात. बाईंचा कीबोर्ड त्याच्यामुळेच मुका झाला होता.

विंडोज सुरू होताना रजिस्ट्रीतल्या, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या वहीतल्या, नोंदी वाचतं आणि त्यात लिहिलेल्या प्रत्येकाला हाक मारतं. फाइल नसेल तर कधी नुसती एरर येते, कधी त्या पहारेकऱ्यामागचं उपकरणच सुरू होत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो अनेकांना आठवत असतील. तेव्हाचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्स फोल्डरातल्या क्राउडस्ट्राइकच्या उपफोल्डरातून ठरावीक नावाची फाइल काढणं. त्यावरून बऱ्याच जणांचा समज झाला की तिथली फाइल उडवली की काम होतं. पण ती फाइल ड्रायव्हर नव्हती. शेवटी डॉट सिस असलं तरी ती नुसती माहितीची फाइल होती आणि ती काढा असं खुद्द कंपनीने सांगितलं होतं. खरा ड्रायव्हर असा उचलून टाकलात तर बाईंच्या लॅपटॉपसारखी गत होते.

दुखणं कुठलं ते आधी ओळखा

विंडोज सुरू होताच "रनडीएलएल" नावाची खिडकी येते आणि अमुक मॉड्यूल सापडत नाही म्हणते, तेव्हा स्टार्टअपमध्ये किंवा टास्क शेड्युलरमध्ये एखादी नोंद उरलेली असते. ही सगळ्यात सोपी केस. निळा पडदा येत असेल तर त्यावर "व्हॉट फेल्ड" अशी ओळ आहे का ते बघा. पुढे डॉट सिस नाव असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो ड्रायव्हर अजून जिवंत आहे आणि आपल्या बाकीच्या साथीदारांशिवाय चालतोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९ किंवा कोड १९ दिसला तर फिल्टरची नोंद उरली आहे. वाय-फाय जोडलेलं दिसतं पण एकही पान उघडत नाही, तेव्हा नेटवर्कचा फिल्टर किंवा प्रॉक्सी, म्हणजे नेटची रहदारी ज्या मधल्या थांब्यातून जाते तो, तपासायची. आणि विंडोज सिक्युरिटी जुन्याच अँटीव्हायरसचं नाव दाखवत असेल, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, चालूच होत नसेल, तर संगणक या क्षणी उघडा पडलेला आहे. ती दुरुस्ती उद्यावर टाकू नका.

काहीच ठळक दिसत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये ७००० आणि ७०२६ क्रमांकाच्या नोंदी शोधा. ७००० म्हणजे सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही, ७०२६ म्हणजे सुरुवातीचे ड्रायव्हर लोड झाले नाहीत, आणि त्यात ड्रायव्हरची नावं लिहिलेली असतात. ती कागदावर उतरवून घ्या, पुढे लागतील.

हात लावण्याआधीची तयारी

कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधा आणि सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन चालू आहे का ते बघा. पुष्कळ संगणकांवर ते बंद असतं. चालू करून एक पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग्ज आजच्या स्थितीवर परत नेता येतील.

यानंतरची गोष्ट फार महत्त्वाची आहे. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि सेफ मोडकडे जाताना ते कुलूप उघडणारी ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती दिसते का ते पाहा आणि लिहून घ्या. की हाताशी नसेल तर सेफ मोडच्या वाटेला जाऊच नका. तसंच, रोज पिन टाकत असाल तर खात्याचा खरा पासवर्डही आठवून ठेवा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

सेफ मोडमध्ये जायचं ते शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करून. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ ही कळ. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमध्ये सेफ बूटवर खूण करायची पद्धत मी टाळतो. लॉगिन अडकलं तर संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहतो आणि ती खूण काढायला आत जाता येत नाही.

सरळ वाटेने काढणं

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादीत अँटीव्हायरसचं नाव अजून असेल तर तिथूनच अनइन्स्टॉल करा, तेही नेहमीच्या मोडमध्ये. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस चालू नसते, त्यामुळे तिथे हे काम अर्ध्यावर अडकू शकतं. लायसन्सची मुदत शिल्लक असेल तर की आधी टिपून ठेवा.

अनइन्स्टॉल करताना येणारे प्रश्न वाचा, नेक्स्ट नेक्स्ट दाबत सुटू नका. पुण्याच्या क्विक हीलमध्ये अपडेटच्या फाइली ठेवून काढायचं की पूर्ण काढायचं असा पर्याय येतो. कॅस्परस्की लायसन्स, सेटिंग्ज आणि क्वारंटाइन मागे ठेवू का विचारतो. पुन्हा तेच टाकायचं नसेल तर सगळं काढा.

यादीत नाव आहे पण अनइन्स्टॉल होत नाही, किंवा कुणीतरी फोल्डर आधीच उडवलाय, अशा वेळी मी पहिल्यांदा एकच युक्ती करतो: तोच अँटीव्हायरस, शक्यतो त्याच आवृत्तीचा, कंपनीच्या साइटवरून उतरवून त्याच जागी पुन्हा इन्स्टॉल करायचा, संगणक रीस्टार्ट करायचा आणि मग रीतसर काढायचा. नको असलेली वस्तू पुन्हा घरात आणायची हे लोकांना पटत नाही. पण इन्स्टॉल केल्यावर हरवलेल्या फाइली जागेवर येतात, नोंदी आणि फाइली जुळतात, आणि अनइन्स्टॉलरला जे शोधायचं ते सगळं सापडतं. निम्म्याहून जास्त केस माझ्याकडे इथेच संपतात.

त्यानंतर कंपनीचं स्वतःचं सफाईचं टूल चालवा. मॅकअफीचं एमसीपीआर, कॅस्परस्कीचं कॅव्हरिमूव्हर, एव्हीजीचं एव्हीजी क्लिअर. अव्हास्ट आणि बिटडिफेंडरचीही अनइन्स्टॉल टूल आहेत. नॉर्टनच्या टूलचं नावच रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल आहे, त्यामुळे त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन रिमूव्ह ओन्ली निवडावं लागतं, नाहीतर काढून पुन्हा टाकतं. ईसेटचं टूल सेफ मोडमध्ये चालवायचं असतं आणि त्यात नेटवर्कची सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात, म्हणून ऑफिसच्या संगणकावर फिक्स्ड आयपी असेल तर आधी लिहून घ्या.

ही टूल कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. "अमुक अँटीव्हायरस रिमूव्हल हेल्पलाइन" असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि बँक खातं रिकामं होतं. असं झालंच तर त्याच मिनिटाला १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रजिस्ट्री क्लीनर नावाने फिरणारे प्रोग्रॅमही लांब ठेवा. त्यांना अँटीव्हायरसची नोंद आणि विंडोजला लागणारी नोंद यांतला फरक कळेल याची खात्री नाही.

तरीही काही उरलं तर: ऑटोरन्स

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे फुकट टूल आहे. उजवं क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवडा. ऑप्शन्समध्ये हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज चालू करा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदी नजरेआड होतील. आता एव्हरीथिंग टॅबमध्ये खाली सरकत जा. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. पब्लिशरच्या रकान्यात किंवा पत्त्यात अँटीव्हायरसचं नाव असलेल्या ओळी शोधा, खास करून लॉगऑन, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस आणि ड्रायव्हर्स या टॅबमध्ये.

पिवळी दिसली म्हणून ओळ काढू नका. प्रिंटरच्या, जुन्या खेळाच्या, कशाच्याही असू शकतात. फक्त त्या अँटीव्हायरसच्याच असल्याची खात्री झालेल्या ओळींपुढची खूण काढा. खूण काढल्याने नोंद निजते, पुसली जात नाही. रीस्टार्ट करा, दोन दिवस संगणक वापरा, काही बिघडलं नाही तर पुन्हा येऊन डिलीट करा. रनडीएलएलची खिडकी इथेच जाते. एक सावधगिरी मात्र पाळा: कीबोर्ड, माउस किंवा डिस्कच्या फिल्टरचा ड्रायव्हर असेल तर इथून खूण काढण्याआधी पुढचा भाग वाचा.

गाभ्यात अजून कोण बसलंय ते बघायचं असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एफ-एल-टी-एम-सी टाइप करून एंटर दाबा. फाइलींवर नजर ठेवणाऱ्या फिल्टरांची यादी येते आणि प्रत्येकापुढे अल्टिट्यूड नावाचा आकडा असतो. ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखीव आहे. त्यात डब्ल्यूडी फिल्टर, ३२८०१०, दिसलं तर घाबरू नका, तो विंडोज डिफेंडरचा आहे. त्याच पट्ट्यात दुसरं नाव दिसलं तर जुना पाहुणा अजून घरात आहे.

मुका झालेला कीबोर्ड

आता बाईंच्या लॅपटॉपची दुरुस्ती. लॉक स्क्रीनवर खाली उजवीकडे अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. माउसने त्यावर क्लिक करून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला आणि एकेक अक्षर टिचकीने टाकून पासवर्ड भरला. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळं चिन्ह आणि कोड ३९ होता.

रजिस्ट्री एडिटर उघडून मी एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने गेलो. क्लासच्या खाली महिरपी कंसातल्या लांबलचक नावांच्या कळांची रांग असते (रजिस्ट्रीतल्या फोल्डरला कळ म्हणतात, कीबोर्डवरच्या कळेशी त्याचा संबंध नाही). कीबोर्डची कळ ४डी३६ई९६बी ने सुरू होते, माउसची ४डी३६ई९६एफ ने. कीबोर्डच्या कळीवर उजवं क्लिक करून एक्स्पोर्टने ती फाइलमध्ये साठवली. हा तुमचा परतीचा दोर, तो घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग उजव्या बाजूला अपरफिल्टर्सवर डबल क्लिक केलं. चौकोनात दोन ओळी होत्या. एकीत केबीडीक्लास, दुसरीत त्या अँटीव्हायरसच्या ड्रायव्हरचं नाव, ज्याची फाइल भाच्याने उडवली होती. फक्त ती दुसरी ओळ पुसली, ओके केलं, रीस्टार्ट केलं. बाईंनी स्वतःच पासवर्ड टाइप केला.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी "अपरफिल्टर्स पूर्ण डिलीट करा" असा सल्ला दिसतो. डीव्हीडी ड्राइव्ह गायब होण्याच्या दुखण्यावर तो चालून जातो, कीबोर्डला लावलात तर केबीडीक्लासही जातो आणि कीबोर्ड चालतच नाही. माउसच्या कळीत माउक्लास राहिला पाहिजे. डिस्कच्या व्हॉल्यूमच्या कळीतला व्हॉल्स्नॅप उडवलात तर विंडोज सुरूच होणार नाही. म्हणून पूर्ण व्हॅल्यू कधीही डिलीट करू नका, नेमकी ओळ काढा. ती निघाल्यावरच त्या ड्रायव्हरची सर्व्हिसेसमधली नोंद ऑटोरन्समधून काढायची, आणि उरली असेल तर फाइल सर्वात शेवटी.

माउसही चालत नसेल तर विंडोज सुरू होत असताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करणं, असं तीनदा करा. रिकव्हरीचा पडदा येतो. तिथे कीबोर्ड चालतो, कारण ती वेगळी छोटी विंडोज असते आणि तिची रजिस्ट्रीही वेगळी असते. तिथून सिस्टिम रिस्टोअरने आधीच्या पॉइंटवर जा.

नेट चालत नाही

सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी उघडा. मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१ असेल तर बंद करा. अँटीव्हायरस गेला आणि त्याचं दार उघडं राहिलं असं ते असतं. ऑफिसची प्रॉक्सी असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. मग अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमधल्या यादीत अँटीव्हायरसच्या नावाचा घटक असेल तर निवडून अनइन्स्टॉल करा. एवढ्यानेही जमलं नाही तर अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट. त्याने सगळे अ‍ॅडॉप्टर निघून पुन्हा बसतात, वाय-फायचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागेल.

डिफेंडर परत कामाला लावणं

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये स्वतःचा अँटीव्हायरस आहे. दुसऱ्याची नोंद दिसली की तो आपणहून बाजूला होतो. जुनी नोंद उरली तर तो बाजूलाच थांबतो आणि राखणीला कुणीच उरत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडून सेटिंग्जमधल्या मॅनेज प्रोव्हायडर्सवर क्लिक करा. काढलेल्या अँटीव्हायरसचं नाव तिथे असेल तर वर सांगितलेली पुन्हा टाकून काढण्याची युक्ती आणि सफाईचं टूल, दोन्ही करा. नाव नाही, पण डिफेंडरची सर्व्हिस एरर ५७७ देते किंवा "ग्रुप पॉलिसीने बंद केलं आहे" असा संदेश येतो, तर रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर इथे डिसेबलअँटीस्पायवेअर नावाची व्हॅल्यू आहे का ते पाहा. घरच्या संगणकावर असेल तर कळ एक्स्पोर्ट करून ती व्हॅल्यू काढा आणि रीस्टार्ट करा.

डिव्हाइस सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी चालू होत नसेल तर विसंगत ड्रायव्हरांची यादी उघडा. जुन्या अँटीव्हायरसचा ड्रायव्हर तिथे पकडला जातो, आणि त्याच्यापुढे ओईएम, एक आकडा आणि डॉट आयएनएफ असं नाव असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल, जागा सोडून तिरकी रेघ आणि डिलीट-ड्रायव्हर, पुन्हा जागा सोडून ते ओईएमचं नाव, मग तिरकी रेघ आणि अनइन्स्टॉल, अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. आकडा दोनदा तपासा, एका अंकाने दुसराच ड्रायव्हर जाईल.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे बरेच जण ११ वर जात आहेत. अपग्रेड ०एक्ससी१९००२०८ या कोडवर थांबलं तर एखादं न जुळणारं सॉफ्टवेअर वाट अडवतंय असा त्याचा अर्थ, आणि अर्धवट काढलेला अँटीव्हायरस त्यात हमखास संशयित. वरची सफाई करून पुन्हा प्रयत्न करा.

शेवटी एकदा चाचणी घ्या. ईकार संस्थेच्या साइटवर ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. तो व्हायरस नाही, पण अँटीव्हायरस तिला व्हायरस मानतात. ती उतरवायला गेल्यावर डिफेंडरने अडवली, तर राखण सुरू झाली. नवा अँटीव्हायरस टाकायचा असेल तर यानंतर टाका, आधी नाही. एक्स्पोर्ट केलेल्या रजिस्ट्रीच्या फाइली आणि रिस्टोअर पॉइंट मात्र पंधरा दिवस तरी राहू द्या. बाईंच्या लॅपटॉपवर मी त्या "काढू नये" नावाच्या फोल्डरात ठेवून दिल्या होत्या.